सायकलीवरून तलावांच्या मुलखात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला भाषण करण्यासाठी दरवर्षी कोणी शिकलेल्या, नाव असलेल्या बाई बाहेरून येतात. यंदा कार्यवाहबाईंनी मला उभे केले. मी पुष्कळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण कसे करावयाचे हे मला ठाऊक नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही चौघी जानेवारीत सायकली घेऊन तलाव पाहायला गेला होतात, तेवढेच सांगा. पापड लाटताना सांगता तसेच सांगा." तेव्हा तसेच सांगते. आज तेवढे लाटणे हातात नाही, म्हणून जरा चुकल्यासारखे वाटते आहे.

पहिल्याने एक कबुली देते. मी सायकल शिकले ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. माझ्या मुलीची सायकल घरात उभी होती. ती कॉलेजला जाऊ लागली, गाडीवर बसू लागली आणि सायकलीवर धूळ बसली. एके दिवशी मी ती पुसली. पुसता पुसता मनात आले, आपण हिच्यावर बसून तर पाहू. मग रोज पहाटे, दूधवाला यायच्या आत, शाळेच्या मैदानावर जाऊ लागले. मुलगी मागून कॅरिअर धरी आणि "आई, खाली बघू नको, समोर बघ" असे ओरडे. लहानपणी तिला मी चालायला शिकवताना हेच सांगितले होते. दोनदा पडले. कोपर फुटले. सासूबाई म्हणाल्या, "पडायचे असेल तर पड, सैपाकाला मी बसले आहे. पण रडत घरात येऊ नको." असा आशीर्वाद मिळाल्यावर शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. सतराव्या दिवशी मुलीने हात कधी सोडला ते मला कळलेच नाही.

मग मंडळातल्या तिघी तयार झाल्या. एक आपल्या मास्तरीणबाई, नोकरीतून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या पोस्टातल्या ताई. तिसऱ्या शिवणाच्या वहिनी. पहिली परीक्षा म्हणून आम्ही नागऱ्याला जाऊन आलो. आपल्या गोंदियाहून पाच-सहा किलोमीटर. महादेवाच्या जुन्या दगडी देवळाच्या पायरीवर बसून शिदोरी खाल्ली आणि परत आलो. संध्याकाळी चौघींच्याही मांड्या अशा भरून आल्या होत्या की खाली बसवेना. पण हिंमत आली. मास्तरीणबाईंनी विचारले, "आता कुठे?" माझ्या तोंडून एकदम निघाले, "नवेगावबांध."

का निघाले ते सांगते. माझे माहेर त्याच बाजूचे. नवेगावबांध आणि अर्जुनी-मोरगाव यांच्यामधल्या पट्ट्यात एक लहानसे खेडे आहे. एवढे लहान की नाव सांगून कोणाला ओळख पटायची नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा असा आहे, कारण आपला गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. जिल्हा बदलला, तलाव मात्र तेच राहिले. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात हे आपण सगळ्या ऐकतो. पण गोंदियात राहून आपल्याला त्यातले किती माहीत आहेत? मला तर माझ्या गावचा एकच तलाव माहीत होता, तोही कपडे धुण्याच्या दगडापुरता.

आणखीही एक कारण होते. ते पुढे सांगेन.

तयारी अशी केली. नाक्यावरच्या सायकल मिस्त्रीकडे आठवडाभर रोज तासभर बसून पंक्चर काढायला शिकलो. तो आधी हसला. म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला हात काळे करता?" पण टायर काढायचे, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, कानशीने घासायचे, सोल्यूशन लावून वाळू द्यायचे आणि मग ठिगळ बसवायचे, हे त्याने नीट शिकवले. शिवणाच्या वहिनींचा हात आमच्यात सर्वांत साफ. ठिगळ लावणे हा त्यांचा जन्माचाच धंदा! बरोबर एक पंप, दोन ट्यूबा, पाना, चेनीला घालायला तेल, सुती पंचा, गूळ-शेंगदाणे आणि तांदळाच्या पिठाच्या धपाट्या घेतल्या. रोज वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे जावयाचे नाही आणि दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचायचे, असा नियम केला. तो मुलूख जंगलाचा आहे. अस्वल, बिबट्या आहेत, वाघही आहे. तिथे हिंमतीपेक्षा घड्याळ जास्त उपयोगी पडते.

आमच्या ह्यांनी नाही म्हटले नाही, पण होही म्हटले नाही. निघण्याच्या आदल्या रात्री पाहते तो ओसरीत बसून माझ्या सायकलीचे ब्रेक आवळीत होते. मी ते होच समजले.

गोंदियापासून नवेगाव साठाच्या वर किलोमीटर पडते आणि मधला मोठा रस्ता ट्रकांचा. म्हणून तांदळाच्या पोत्यांची ने-आण करणाऱ्या एका लहान टेंपोत सायकली घातल्या, आम्हीही बसलो आणि नवेगावला उतरलो. तिथून पुढे आमच्या सायकली आणि आम्ही.

पहाटेची थंडी होती. तलावावर धुके एवढे की पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळेना. मग ऊन चढले तसे एकेक टेकडी बाहेर आली. त्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. पाण्यावर काळे काळे ठिपके दिसत होते ते हलू लागले, तेव्हा कळले की पाखरे आहेत. थंडीत ही बदके फार दूरून, हिमालयापलीकडूनही येतात. आमच्या गावी लहानपणी "पाहुणी आली" म्हणत. कुठून आली हे कोणी विचारले नव्हते.

तलाव अकराएक चौरस किलोमीटरचा आहे असे सांगतात. आम्हाला वाटले, एवढ्या पाण्याला बांधही कोसभर लांब असेल. प्रत्यक्षात जाऊन पाहतो तो पाळ तेवढी मोठी नाही. टेकड्यांनीच चहूकडून हात धरले आहेत. मधली खिंड तेवढी माणसाने अडवली. जागा कुठली धरावी, हे ज्याला कळले त्याची शहाणीव मोठी. हा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला, अशी त्या भागाची परंपरा आहे. कामात सातबहिणींनी साह्य केले, असे लोक मानतात. पाटलांना पुढे लोकांनी देवपण दिले. पाळीजवळ कोलासुराचे ठाणे आहे. आम्ही तिथे नारळ फोडला. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आमच्या सायकलींकडे पाहून विचारले, "कोटी चाललात जी बाई, या वयात?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "शाळेत, बाबा. राहिलेला अभ्यास पुरा करायला." बाबा खूप हसले आणि मग त्यांनीच आम्हाला शिकवले.

कोहळी म्हणजे ऊस लावणारे आणि तलाव बांधणारे लोक. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, म्हणून गावोगाव तलाव झाले, असे सांगतात. नवेगाव, सिरेगाव, सिवनी हे त्यांतले मोठे. लहान तर पूर्व विदर्भात हजारोंनी आहेत. अगदी लहान असेल तर त्याला बोडी म्हणावयाचे. तलावाला तीन गोष्टी लागतात. एक पाळ, म्हणजे मातीचा बांध. दुसरे तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडण्याचे तोंड. जुन्या तुडुमाला एकाखाली एक भोके असत आणि त्यांना लाकडी खुंट्या ठोकलेल्या. वरचे पाणी आधी सोडायचे, पाणी उतरले की खालची खुंटी काढायची. तिसरी, पावसाळ्यातले जास्तीचे पाणी निघून जाण्याची वाट; तिला तिकडे सलंग म्हणतात. ही वाट चुकली की एका रात्रीत पाळ फुटते. आम्ही बायका डोके हलवीत होतो. दुधाच्या भांड्याला काठ आणि चुलीला धुराची वाट लागते, तसलाच हा प्रकार आहे.

नवेगावचे रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प झाला. आत रानात सायकलीने जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आम्ही बाहेरच्या रस्त्यांनीच हिंडलो. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहत होते. "नवेगावबांधचे दिवस" हे त्यांचे पुस्तक मास्तरीणबाईंच्या पिशवीत होते. रात्री मुक्कामावर त्यांनी त्यातले काही आम्हाला वाचून दाखवले. चितमपल्ली जून २०२५ मध्ये वारले. ज्या पाण्याविषयी ते लिहीत त्याच्याच काठी बसून ते ऐकताना पोस्टातल्या ताईंच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी माझे माहेर. डांबरी रस्ता सोडून आतल्या वाटेला लागलो. धान कापून झाले होते. बांध्यांतून लाखोळी आणि जवस उभे होते, निळी निळी फुले. मोटारीतून जाताना हे नुसते हिरवे दिसते. सायकलीवरून फूल दिसते, धुऱ्यावर बसलेली बाई दिसते, आणि ती आपल्याला दिसते तशा आपणही तिला दिसतो. म्हणून दर शेतातून हाक येई, "कोनाच्या घरच्या जी?" मी बापाचे नाव सांगे, की लगेच, "अगे, तू त्याची लेक!" गावात पोचेपर्यंत आमच्या येण्याची बातमी आमच्या पुढे पोचली होती.

आता ते दुसरे कारण सांगते.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा सात किलोमीटरवर, दुसऱ्या गावी. वाट तलावाच्या पाळीवरून जाणारी, मध्ये एक नाला आणि थोडे रान. मी सातवी झाले १९९५ साली. माझा भाऊ दोन वर्षांनी मोठा. त्याला बाबांनी जुनी सायकल घेऊन दिली होती आणि तो त्या शाळेत जात होता. भाऊ म्हणाला, "हिला मी मागे बसवून नेईन." बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू दोन वर्षांनी मॅट्रिक होशील, शहरात जाशील. मग हिला कोण नेईल? अर्ध्यात तोडण्यापेक्षा आता थांबलेले बरे." दुसरी सायकल घेण्याएवढे घरात नव्हते; आणि असते तरी तेव्हा आमच्या गावात मुलीने सायकल चालवलेली कोणी पाहिली नव्हती. बाबा वाईट नव्हते. त्यांनी हिशेब केला आणि त्या हिशेबात मी बसले नाही, एवढेच. मी चूल धरली. सायंकाळी भाऊ पाळीवरून यायचा. त्याची घंटी ऐकली की मी तव्यावर भाकर टाकायची. पुढे कितीतरी वर्षे सायकलीची घंटी वाजली की माझ्या हाताला पीठ लागल्यासारखे वाटे.

आता भावाची मुलगी नववीत आहे. तिला सायकल मिळाली आहे. मानव विकास कार्यक्रमातून लांबून शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सरकार सायकल देते. तीच ही. आम्ही गेलो त्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. भाची म्हणाली, "आत्या, येता का माझ्यासंगे शाळेपर्यंत?"

आम्ही निघालो. ती पुढे, मी मागे. पाळीवरून जाताना डाव्या हाताला सारे पाणी आणि उजव्या हाताला खाली बांध्या. कपडे धुण्याचा माझा दगड वरून एवढासा दिसला. नाल्यावर आता पूल झाला आहे. पुढे मोहाची चार झाडे लागतात. ती मी फक्त नावाने ऐकली होती, भाऊ सांगायचा म्हणून. भाची मधून मधून मागे वळून पाही आणि म्हणे, "आत्या, हळू या, घाई नाही." शाळेच्या फाटकापाशी मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. पस्तीस मिनिटे झाली होती.

मैत्रिणींनो, पस्तीस मिनिटांची वाट. तीस वर्षे मी तिला फार लांब समजत होते.

मी फाटकाच्या आत गेले नाही. भाची आत गेली, मैदानात सायकली लावल्या होत्या तिथे तिने आपली लावली आणि हात हलवला. मी तिथल्या टपरीवर एक चहा घेतला आणि एकटी परत आले. परत येताना वाट पस्तीस मिनिटांचीच होती, पण मी तासभर लावला.

घरी आले तर भाऊ अंगणात बसला होता. त्याने विचारले, "पोचलीस?" मी म्हटले, "पोचले." तो म्हणाला, "मी त्या शाळेत दहावीला दोनदा नापास झालो. तू झाली नसतीस." बस, एवढेच आम्ही बोललो. मग त्याने चौघींच्या सायकलींच्या चाकांत हवा भरून दिली.

पण मला जे सांगावयाचे आहे ते इथेच आहे. शाळेच्या वाटेवर भाचीला मी विचारले, तुझ्या गावच्या किती मुली सायकलीने येतात? ती म्हणाली, "सायकली पाच जणींना मिळाल्या, येतो तिघी." बाकीच्या दोघींच्या सायकली घरी उभ्या आहेत. एकीची ट्यूब गेली, एकीचे पायडल तुटले. गावात दुकान नाही, दुरुस्तीला अर्जुनीला न्यावी लागते, आणि न्यायला घरच्या माणसाला मजुरी बुडवावी लागते. एक मुलगी कधी चालत येते, कधी येत नाही. दुसरीचे नाव निघण्याच्या बेतात आहे. एवढ्याशा ट्यूबेसाठी! त्या दिवशी दुपारी शिवणाच्या वहिनींनी अंगणात बैठक मांडली. बरोबर नेलेल्या दोन्ही ट्यूबा तिथेच खर्ची पडल्या. पायडल भावाने आपल्या जुन्या सायकलीचे काढून बसवले. तीच ती सायकल. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती, गंजलेली. पण पायडल चांगले होते. संध्याकाळी त्या दोन मुली गावभर घंटी वाजवीत हिंडल्या.

आमच्या गावच्या तलावाचेही असेच झाले आहे. पूर्वी उन्हाळ्यात दर घरटी एक माणूस पाळीवर माती टाकायला जाई. गाळ काढून शेतात टाकीत, त्याने शेतही सुधारे. पुढे १९५१ साली मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी म्हणून त्यांना आता मामा तलाव म्हणतात. गावातले वडीलधारे सांगतात की मालगुजाराचा जाच गेला हे फार चांगले झाले, पण त्यासंगे तलाव आपला आहे ही भावनाही गेली. तुडुम गळू लागले, गाळ साचला, कडेला बेशरम माजली. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे होऊन बसले. पण सगळीकडे तसे नाही बरे. त्याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी तलावात उतरून बेशरम उपटली आहे आणि माशांना खायला-लपायला लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. वनस्पती आल्या, तशी मासळीही आली. कंबरभर पाण्यात उभे राहून केलेले काम आहे ते.

रात्री मी विचार करीत पडले होते. कोलू पाटलांनी बांध एकदाच घातला. तो तीनशे वर्षे उभा राहिला तो त्यानंतर दरवर्षी टोपलीभर माती टाकणाऱ्यांच्या हातांनी. आणि त्या टोपल्या बहुतेक बायकांच्याच डोक्यावर असणार. त्यांची नावे कोणत्याही ठाण्यावर नाहीत. सायकलीचेही तसेच आहे. देणारा एकदा देतो. ती चालती ठेवणे हे रोजचे काम आहे, आणि रोजची कामे कशी करावयाची हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार?

तिसऱ्या दिवशीची हकीकत थोडक्यात सांगते, कारण पुढच्या कार्यक्रमाच्या मुली नटून बसल्या आहेत. अर्जुनीवरून प्रतापगडकडे गेलो. त्या तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशा वसाहती आहेत. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे जमिनी देऊन वसवले. वाटेत एका बंगाली वृद्ध बाईंनी आम्हाला थांबवून पाणी दिले. त्यांचे मराठी आपल्या झाडीचेच होते. प्रतापगडच्या वाटेवर पोस्टातल्या ताईंचे चाक बसले. आम्ही सायकल उलटी केली आणि कामाला लागलो. तेवढ्यात मोटारसायकलीवरून तीन पोरे आली. "काकू, आम्ही करून देऊ का?" वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "झालेच आहे. तुम्ही पंप तेवढा मारा." पोरांनी मुकाट्याने पंप मारला.

प्रतापगडला डोंगरावर पडक्या किल्ल्याच्या खुणा आहेत, महादेव आहे आणि पायथ्याशी दर्गाही आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. माणसे दोन्ही ठिकाणी माथा टेकतात. आम्हीही टेकला. पुढे गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. आपला देश सोडून आलेल्या या लोकांना १९७२ साली इथे जागा मिळाली. थंडीच्या दिवसांत घरची कर्ती माणसे स्वेटर विकायला शहरोशहरी जातात, म्हणून वसाहतीत म्हातारी माणसे आणि मुलेच जास्त दिसली. आपल्या बाजारात स्वेटर विकणाऱ्या बाईशी आपण दहा-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्यांचे अंगण पाहिल्यावर मला जरा शरमल्यासारखे झाले.

शेवटी इटियाडोह धरण. गाढवी नदीवरचे हे धरण १९७० साली झाले. पाणी नवेगावपेक्षाही पुष्कळ. पण नवेगावची पाळ पाहून आल्यावर इथे मी तेच पाहिले: पाणी सोडण्याचे तोंड कुठे, जास्तीचे पाणी जाण्याची वाट कुठे. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता तुम्ही इंजिनीअर झालात." मी म्हटले, "नाही हो, आठवीत गेले आहे एवढेच." तिथे टेंपो आला आणि आम्ही रात्री घरी पोचलो. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले, हातपाय शाबूत आहेत अशी खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "भात झाकून ठेवला आहे." सकाळी मात्र शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून तीन दिवस सायकल घेऊन हिंडून आली!"

कोणाला जावयाचे असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. जावे हिवाळ्यात. ओढणी गाठ मारून बांधावी. चेनीत गेली तर ओढणीही जाते आणि आपणही. साडी नेसून सायकल चालवायची तर मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी. पाणी भरपूर घ्यावे. उताराला ब्रेक दोन्ही दाबावेत, नुसता पुढचा नाही. पाळीवर उतरून सायकल हातात धरून चालावे. तलावात काही टाकू नये, अगदी निर्माल्यसुद्धा नाही. आणि शेतातून कोणी "कोनाच्या घरच्या?" असे विचारले तर थांबून उत्तर द्यावे.

आता माझी एक विनंती आहे. ती मी कार्यकारिणीपुढे मांडली आहे, पण सर्वांपुढेही मांडते. आपल्या आळीत घरोघरी एखादी सायकल तरी जिन्याखाली धूळ खात पडली आहे. मुले मोठी झाली, गाड्या आल्या. ती सायकल भंगारात देऊ नका. मंडळात आणा. त्यातल्या काही उभ्या करू. ज्या उभ्या राहणार नाहीत त्यांची पायडले, चेनी, चाके काढून ठेवू. दर महिन्याला प्रत्येकीने जमेल तशी एका ट्यूबेची वर्गणी द्यावी. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघी जाऊन माझ्या माहेरच्या आणि आसपासच्या गावच्या मुलींना पंक्चर काढायला शिकवू. मिस्त्रीही एक दिवस यायला तयार आहे. पैसे नको म्हणाला. वहिनींनी त्याला एक सदरा शिवून द्यायचे कबूल केले आहे. मुलीला सायकल मिळाली म्हणजे काम झाले असे आपण समजतो. तिच्या हाती पाना दिला पाहिजे, तेव्हा ते पुरे होते.

भाचीचा परवा फोन आला होता. त्या दोघी रोज शाळेत येतात. जिचे नाव निघणार होते तिने आता भाचीला मागे टाकायचा चंग बांधला आहे. वाट तीस मिनिटांवर आली आहे म्हणते.

 सायकल शिकावयाची असेल तिने उद्या पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर यावे. कॅरिअर धरायला मी आहे. वयाची अट नाही. पडलात तरी चालेल. फक्त समोर बघायचे, खाली नाही.